शीग कुणाची?

संपादकांनी विषय सुचवताना त्याची वाटही आखून दिली होती: हात-वितीच्या ढोबळ मापांपासून आजच्या अचूक मापांपर्यंतचा प्रवास. मोजमापांच्या इतिहासाबद्दल बोलताना जवळजवळ सगळे हीच वाट धरतात आणि माझा आक्षेप नेमका तिच्यावर आहे. जुनी मापं ढोबळ नव्हती. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा मोजणारा सोनार ग्रॅमच्या सुमारे आठव्या भागापर्यंत रोज पोचत होता. धान्यातही दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली अशी घट्ट बांधलेली उतरंड होती. शिवकाळात जमीन मोजायची काठी पाच हात पाच मुठींची, वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद तो बिघा, आणि एकशेवीस बिघ्यांचा चावर. या कोष्टकांत गणिताची कुठेही ढिलाई नाही. उणीव होती ती दुसऱ्याच ठिकाणी. हात कुणाचा, मूठ कुणाची आणि पायली कुणाच्या घरची, हे ठरवण्याचा अधिकार व्यवहारातल्या दोघांपैकी एकाकडेच असायचा. प्रमाणीकरणाचा इतिहास हा मुख्यतः तो अधिकार एका बाजूच्या हातून काढून घेण्याचा इतिहास आहे. अचूकता त्याच्या मागोमाग आली.

याचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे शीग. पायलीत धान्य काठोकाठ भरून वर हात फिरवला तर एक माप होतं, आणि शिगोशीग भरलं तर दुसरं. फरक किती, हे सोप्या भूमितीने काढता येतं. गव्हाची रास साधारण सत्तावीस अंशांच्या उतारावर स्थिरावते. भांड्याची खोली त्याच्या व्यासाइतकी असेल, तर वरच्या शंकूत भांड्यातल्या धान्याच्या सुमारे साडेआठ टक्के धान्य मावतं. खोली व्यासाच्या निम्मी केली की शीग सतरा टक्क्यांवर जाते. म्हणजे भांड्यात तेवढंच धान्य मावत असलं, तरी तोंड रुंद करणाऱ्याला दुप्पट शीग मिळते. धान्य उंचावरून ओतलं की ते दाबून बसतं, हलक्या हाताने भरलं की पोकळ राहतं. आता घेताना शीग आणि देताना सपाट असा रिवाज ज्याला पाडता येतो, त्याला खोटं माप ठेवण्याची गरजच उरत नाही. पायली खरीच असते. ‘मापात पाप’ म्हणताना आपण लबाड दुकानदाराकडे बोट दाखवतो, पण इतिहासातली मोठी पापं खऱ्या मापांनी आणि सगळ्यांना मान्य असलेल्या रिवाजाने झालेली आहेत. पोलिश इतिहासकार विटोल्ड कुला यांनी युरोपातल्या सरंजामी मापांचा अभ्यास करून हेच दाखवलं: खंडाचं धान्य किती मापं, हा आकडा पिढ्यान्‌पिढ्या तोच राहतो आणि जमीनदाराचं माप मात्र हळूहळू फुगत जातं. इंग्लंडमध्ये शिगेचं माप कायद्याने बंद व्हायला १८३०चं दशक उजाडावं लागलं.

हे लक्षात घेतलं की फ्रान्समधली मीटरची कहाणीही वेगळी दिसू लागते. १७८९ साली राजापुढे मांडायच्या गाऱ्हाण्यांच्या वह्या गावोगावी लिहिल्या गेल्या. त्यांत एकच वजन आणि एकच माप हवं, ही मागणी पुन्हापुन्हा येते. शेतकऱ्यांना दशमान पद्धत नको होती, पृथ्वीच्या परिघाशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. त्यांना जमीनदाराचं माप नको होतं. पॅरिसच्या विद्वानांनी या मागणीला जे उत्तर दिलं ते मला आजही थोर वाटतं. राजाच्या मापाऐवजी त्यांनी कुणाचंच नसलेलं माप शोधलं: उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग. त्यासाठी देलांब्र आणि मेशँ या दोघांनी १७९२ पासून १७९८ पर्यंत डंकर्क ते बार्सिलोना ही रेषा त्रिकोणांची साखळी जोडत मोजली. हिशेब तपासायला डच, स्विस आणि इतर देशांतले शास्त्रज्ञ बोलावले गेले. २२ जून १७९९ रोजी प्लॅटिनमची मीटरपट्टी आणि किलोग्रॅम पॅरिसच्या अभिलेखागारात ठेवले गेले.

इथे एका वादावर जरा थांबायला हवं, कारण लोकप्रिय लेखांत तो हटकून चुकीचा मांडला जातो. ध्रुव ते विषुववृत्त हे अंतर एक कोटी मीटर नसून सुमारे एक कोटी दोन हजार मीटर आहे. याचा अर्थ आपला मीटर ठरवलेल्या व्याख्येपेक्षा सुमारे ०.२ मिलिमीटरने आखूड आहे. यात मेशँची शोकांतिका मिसळली जाते. बार्सिलोनात दोन जागांवरून काढलेल्या अक्षांशांत त्याला सुमारे तीन सेकंदांची विसंगती आढळली, ती त्याने लपवली, आणि त्याच्या मनावरचं हे ओझं १८०४ मध्ये पीतज्वराने त्याचा मृत्यू होईपर्यंत उतरलं नाही. मेशँची कागदपत्रं हाती आल्यावर देलांब्रला ही विसंगती कळली. यावरून ‘मीटर चुकला’ आणि ‘मेशँमुळे चुकला’ अशी दोन विधानं केली जातात. दुसरं विधान अन्यायाचं आहे. तफावतीचं मोठं कारण पृथ्वीचा आकारच आहे. तिच्या चपटेपणाचा धरलेला आकडा बरोबर नव्हता, आणि मुळात पृथ्वी इतकी अनियमित आहे की एका रेखावृत्ताच्या तुकड्यावरून सगळ्यांचा हिशेब लागत नाही. पहिलं विधान तर निरर्थक आहे. १७९९ नंतर मीटर म्हणजे ती पट्टीच होती, आणि पट्टी स्वतःच्याच मापाने आखूड असू शकत नाही. निसर्गातून माप काढण्याचा दावा फसला हे खरं, पण कुणालाही तपासता यावं असं आणि कुणाच्याही मालकीचं नसलेलं माप, हा हेतू फसला नाही. ०.२ मिलिमीटरची चूक जगभर सारखीच राहिली, म्हणून तिने कुणालाही लुबाडलं नाही. शिगेची चूक नेहमी एकाच्याच घरी जात होती.

यावर एक गंभीर हरकत आहे आणि ती मी हलकी मानत नाही. एकसारखी मापं ही सरकारची सोय असते, करवसुलीला आणि मोठ्या व्यापाराला ती लागतात, आणि ती लादताना गावाचं शहाणपण पुसलं जातं. शेत किती पायल्यांच्या पेरीचं आहे, हे सांगण्यात क्षेत्रफळाबरोबर जमिनीचा कसही सांगितला जातो. हेक्टरमध्ये तो येत नाही. खुद्द फ्रान्समध्ये लोकांनी नवी मापं इतकी टाळली की १८१२ मध्ये नेपोलियनने जुन्या नावांची तडजोडीची मापं चालू केली, आणि मीटरची सक्ती पुन्हा १८४० पासून लागू झाली. हे सगळं मान्य करूनही मी म्हणेन की पेरीच्या मापात साठलेलं ज्ञान शेतकऱ्याचं होतं, पण त्यावरून होणारी आकारणी त्याची नव्हती. आणि केवळ राज्याच्या सोयीनेच प्रमाणीकरण होत असतं, तर इंग्रजांनी ते हिंदुस्थानात कधीच उरकलं असतं. त्यांच्या अमलात मुंबईचा मण २८ पौंडांचा होता, मद्रासचा २५ पौंडांचा आणि बंगालचा ८२ पौंडांहून अधिक. शेराचं वजन थेट किलोग्रॅमइतकं ठरवणारा कायदा १८७१ मध्ये मंजूरही झाला, पण तो कधी अमलात आलाच नाही. ज्या मध्यस्थांना तीन ठिकाणचे तीन मण पाठ होते, त्यांचं या गोंधळात काहीच बुडत नव्हतं.

ते काम स्वतंत्र भारताने केलं, आणि त्याचा पुरेसा अभिमान आपण बाळगत नाही याचं मला वाईट वाटतं. १९५६ मध्ये कायदा झाला. १९५७ च्या १ एप्रिलला नवा पैसा आला, १९५८ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने मेट्रिक वजनं आली आणि १९६२ च्या एप्रिलपासून किलोग्रॅम बंधनकारक झाला. निरक्षरता प्रचंड असलेल्या देशाने पाच-सहा वर्षांत शेर-मणाचा हिशेब बदलला. अमेरिका आजही पौंडातच तोलते.

जमिनीत मात्र काम अर्धवट राहिलं. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आर यांत लिहिलेलं असतं. यातला ‘आर’ हा १७९५ च्या फ्रेंच कायद्यातलाच शब्द आहे: शंभर चौरस मीटर. गुंठा म्हणजे तेहतीस फुटी साखळीचा चौरस: १०८९ चौरस फूट, म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. ‘आर म्हणजेच गुंठा’ असं सर्रास सांगितलं जातं, शिकलेली माणसंही सांगतात. एका गुंठ्यात फरक सव्वा टक्क्याहूनही कमी. पण चाळीस गुंठ्यांचा एकर चाळीस आर म्हणून लिहिला की ४७ चौरस मीटर, म्हणजे पाचशे चौरस फूट नाहीसे होतात. शहराच्या कडेच्या गावात तेवढ्यात घर उभं राहतं. दोन मापं शेजारी-शेजारी नांदतात तेव्हा त्यांच्या फटीत शीग पुन्हा उगवते, आणि ती कुणाच्या पदरी पडणार हे ज्याला रूपांतर येतं तो ठरवतो. कापसाचे भाव आजही ३५६ किलोच्या खंडीवर बोलले जातात. ही जुनी ७८४ पौंडांची खंडी आहे, आणि शेतकरी विकतो क्विंटलवर.

किलोग्रॅमच्या बाबतीत माझं मन तितकं निःशंक नाही. १८८९ पासून पॅरिसजवळच्या सेव्र इथला प्लॅटिनम-इरिडियमचा एक दंडगोल म्हणजे किलोग्रॅम होता. भारताकडे त्याची ५७ क्रमांकाची प्रत आहे. शंभर वर्षांत मूळ ठोकळा आणि प्रती यांच्यात पन्नास मायक्रोग्रॅमच्या घरात फरक पडला, आणि बदललं कोण हे सांगायला काही आधारच नव्हता. २० मे २०१९ पासून किलोग्रॅम प्लांकच्या स्थिरांकावर बांधला गेला. तळघरातली वस्तू गेली, मालकी खऱ्या अर्थाने संपली. पण तो स्थिरांक वापरून वस्तुमान काढणारा किबल तराजू जगात मोजक्याच प्रयोगशाळांना जमतो. तपासण्याचा अधिकार सगळ्यांना मिळाला आणि ताकद थोड्यांकडेच राहिली, या हरकतीला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही.

बाजार समितीतही तेच घडतं आहे. दोन पारड्यांच्या तराजूत पासंग आहे की नाही हे अडाणी माणसालाही कळायचं: माल आणि वजन यांची अदलाबदल करायची. इलेक्ट्रॉनिक काटा वस्तुमानाची तुलना करत नाही, तो मालाचा खाली पडणारा दाब मोजतो. तो दाब गुरुत्वाकर्षणावर अवलंबून असतो. दिल्लीत जुळवलेला काटा तसाच मुंबईत आणला तर शंभर किलोमागे पन्नास ग्रॅमहून थोडं अधिक कमी दाखवेल. म्हणून काटा जिथे वापरायचा तिथेच जुळवावा लागतो, आणि वैधमापन खातं त्याची पडताळणी व मुद्रांकन करतं. ती व्यवस्था चांगली आहे, पण शेतकऱ्याला दिसतो तो फक्त लाल आकडा. माझी मागणी साधी आहे. प्रत्येक काट्याशेजारी वीस किलोचं एक मुद्रांकित वजन उघड्यावर असावं. शेतकऱ्याने ते आधी रिकाम्या काट्याच्या चारही कोपऱ्यांवर ठेवून पाहावं. मग पोतं चढवल्यावर त्याच वजनाने आकडा बरोबर वीसने वाढतो का, हेही पाहावं, आणि तसं करताना त्याला कुणी घाई करू नये.