जुन्या संगणकाला नवी प्रणाली
जुना संगणक अडखळू लागला की दोष यंत्राचा आहे की प्रणालीचा (ऑपरेटिंग सिस्टिमचा), हे आधी ठरवावे लागते. बंद करून पुन्हा सुरू केल्यावर तारीख दर वेळी मागे जात असेल, तर बहुधा मदरबोर्डवरची नाण्याएवढी सीआर २०३२ बॅटरी संपलेली असते. ती बदलली की काम भागते. मेमटेस्ट या चाचणी-साधनाने रॅम तपासावी, हार्डडिस्क स्वतःबद्दल ठेवते त्या ‘स्मार्ट’ नोंदींवरून तिची प्रकृती पाहावी. डिस्कच खराब असेल, तर नवी प्रणाली टाकून काही साधत नाही.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा लागते आणि अनेक जुन्या यंत्रांत ती नसते. तिथे लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती किंवा लुबंटू ही हलकी प्रणाली उपयोगी पडते. पेनड्राइव्हवरून प्रणाली नुसती चालवून वायफाय, आवाज, कीबोर्ड पाहता येतात. डिस्कला धक्का लागत नाही. फोटो आणि कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घेतल्यावरच ‘इन्स्टॉल’ निवडावे, कारण डिस्क पुसण्याचा पर्याय सगळेच मिटवतो. शक्य असल्यास एसएसडी बसवावी. वेगातला मोठा फरक तिच्यामुळेच पडतो.

एवढ्यावर लेखन, वाचन आणि अभ्यास सहज चालतो. असे यंत्र भंगारात काढण्याऐवजी शिकणाऱ्या मुलाच्या हाती द्यावे.