दोष कोणाचा?

घरांत एखादी वस्तु बिघडली कीं पहिला प्रश्न निघतो तो 'कोणीं बिघडविली?' हा. 'कोठें बिघडली?' हें विचारण्याचें बहुधा कोणास सुचत नाहीं. एका खेळण्यांतल्या आगगाडीनें आम्हांस याचा धडा दिला.

पुण्यांत कोथरुडास १९९८ सालीं जोशी यांचें लघुरेल्वेचें संग्रहालय सुरू झालें. तें पाहून आल्यापासून आमच्या घरच्या मुलांनीं गाडीचा ध्यास घेतला. आणि मुलांचें निमित्त करून आम्हींच ती आणविली. 'एचओ' मापाची ही गाडी खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाची असते. म्हणजे १४३५ मिलिमीटर रुंदीचा मार्ग येथें साडेसोळा मिलिमीटरांचा होतो. बारा व्होल्टांचा प्रवाह एका रुळांतून चाकांत, चाकांतून मोटारींत जातो व दुसऱ्या रुळावाटे परततो.

एके दिवशीं इंजिन धापा टाकूं लागलें आणि शेवटीं थांबलें. महिन्यापूर्वीं धाकट्या पुतण्याच्या हातून तें खालीं पडलें होतें. तेव्हां चौकशीची गरजच उरली नाहीं. आम्हीं त्यास चारचौघांत फैलावर घेतलें. पोर एक शब्द बोललें नाहीं. आजीपाशीं जाऊन बसलें, आणि रात्रीं जेवलेंहि नाहीं.

दुसरे दिवशीं आम्ही दुरुस्तीस बसलों. अशा कामीं बाहेरून आंत जावें. त्याच रुळांवर दुसरें इंजिन ठेवलें. तें सुरळीत धांवलें. म्हणजे रूळ व वीज निर्दोष. मग चाकांवरचा काळा थर स्पिरिटच्या फडक्यानें पुसला, आंसाभोंवतीं गुंडाळलेला केंस चिमट्यानें काढला. इंजिन तसेंच. वरचें कवच उतरवून नऊ व्होल्टांची बॅटरी थेट मोटारीस जोडली. मोटार घुरघुरली, पण फिरेना. दोष तेथेंच होता.

पडल्याची खूण मात्र कोठेंच नव्हती. आंस सरळ होता, दांतेरी चाकें अभंग होतीं. मोटारींत कोळशाचे दोन ब्रश ज्यावर टेकतात तो तांब्याचा कम्यूटेटर तीन तुकड्यांचा असतो, व त्या तुकड्यांमध्यें बारीक फटी असतात. त्या फटी काळ्या चिकट राडीनें बुजल्या होत्या. कोळशाची भुकटी आणि तेल! आंसास सुईच्या टोकावर राहील इतकेंच तेल द्यावें, कम्यूटेटरास मुळींच लागूं देऊं नये, असा नियम आहे. आणि दर रविवारीं मोठ्या मायेनें शिवणयंत्राचें तेल मोटारींत सोडणारे आम्हीच होतों!

दांतकोरण्यानें फटी साफ केल्या, कापसाच्या बोळ्यानें स्पिरिट फिरविलें. अर्ध्या घटकेंत इंजिन धांवूं लागलें.

दुसरी दुरुस्ती अधिक अवघड होती. ज्या चारचौघांत रागावलों होतों त्यांनाच जमवून आम्हीं सांगितलें, "चूक आमची होती." वहिनींनीं पदराआड हसें लपविलें. मातोश्री एवढेंच म्हणाल्या, "आधीं पाहावें, मग बोलावें."

पुतण्या मात्र गंभीरपणें इंजिन न्याहाळीत होता. थोड्या वेळानें त्यानें विचारलें, "काका, मग आतां तेल कोणीं घालायचें?"

त्या दिवसापासून तेलाची बाटली त्याच्या ताब्यांत आहे. आम्हांस लागलीच, तर मागून घ्यावी लागते.