पार्सलच्या दुकानातली दिवाळी

पुण्यात सदाशिव पेठेत दिवाळीच्या आधी फिरा, परदेशी फराळ पाठवणाऱ्या कुरिअरच्या दुकानांत कशी झुंबड असते ते पाहा. आणि मैत्रिणींनो, करमणूक अगदी फुकट!

एक काकू भलामोठा खोका घेऊन आल्या. काट्यावर भरला दोन किलो, पैसे मात्र साडेपाच किलोंचे!

"अहो, चिवडा आहे, शिसं नव्हे!"

दुकानदाराने टेप काढली. लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी ३० सेंटीमीटर. तिन्हींचा गुणाकार करून ५००० ने भागायचं, आले ५.४ किलो. विमानात जागेचंही वजन धरतात ना! काकूंनी पदर खोचला, पिशव्यांतली हवा काढली आणि सगळं ३० बाय २० बाय २० च्या खोक्यात बसवलं. झालं २.४ किलो! निम्म्याहून जास्त भार हवेचाच होता म्हणायचा.

तिकडे एक आजोबा यादीवर अडलेले. कडबोळ्यांना इंग्रजीत काय म्हणायचं? रांगेतल्या सगळ्यांनी डोकं चालवलं. शेवटी 'तळलेला खारा खाऊ' यावर एकमत झालं.

मग एका आजींची पाळी आली. अमेरिकेतल्या नातवासाठी बेसनाचे लाडू.

"आजी, किंमत काय लिहू?"

"अरे, तीन वर्षांचा झाला, अजून माझ्या हातचं खाल्लं नाही त्याने. तूच सांग, काय लिहायची?"

दुकानदार क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "बेसन, साखर, तूप एवढ्याचीच लिहू या. बाकीच्यावर कर लागत नाही, आजी."