दूरचित्रवाणी-संचाची निवड

वस्तू विकत घ्यायची म्हणजे बाजारात जायचे, असा जगाचा साधा शिरस्ता आहे. दूरचित्रवाणी-संचाच्या बाबतीत मात्र आधी स्वतःच्याच घरात एक फेरफटका मारावा, असे माझे मत आहे. दुकानात नुसता संच दिसतो. तो पाहणारी माणसे, त्यांच्या बसण्याच्या जागा आणि खिडकीतून येणारे ऊन ही सारी घरीच असतात.

पूर्वी ही निवड फारशी अवघड नव्हती. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले, तेव्हा माझी आई गिरगावातल्या एका चाळीत राहत असे. साऱ्या मजल्यात मिळून एकच संच आला. लाकडी पेटीत बसवलेला, दारे सरकवून कुलूप लावता येईल असा! चित्र कृष्णधवल, कार्यक्रम एकाच केंद्राचे. १९८२ साली दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या आणि त्या निमित्ताने रंग आले. तोवर निवड कसली करायची? मिळेल तो संच घ्यायचा आणि छपरावर अँटेना उभारायचा, की झाले.

आता आमच्या घरात सहा माणसे आणि सहा वेळापत्रके आहेत. मुलांना क्रिकेटचे सामने हवेत, वहिनींना स्वयंपाकघर आवरता आवरता मालिका ऐकायची असते, भाऊ दमून येतो आणि दहा मिनिटांत संचासमोरच झोपी जातो. (त्याला कोणताही संच चालेल.) आई मात्र दिवसभर घरी एकटी असते. तिचे वय ७८. जुना संच बिघडला तेव्हा मुलांनी ५५ इंची पडद्याचा धोशा लावला. आई एवढेच म्हणाली, “तो माझा मला लावता आला पाहिजे, तेवढं बघ.”

मला शेजारच्या आजी आठवल्या. त्यांच्याकडे नवा, भला मोठा संच आहे; पण सुरू केला की पडद्यावर चित्रांच्या चौकटींची जत्राच भरते. तिच्यातून बातम्यांची वाट त्यांना सापडत नाही. नातू शाळेतून येईपर्यंत त्या काळ्या पडद्यासमोर बसून राहतात.

तेव्हा आम्ही आधी घर मोजले. पडद्याचे इंच कर्णावर मोजतात, हे मुलांना नव्यानेच कळले. ४३ इंची पडदा रुंदीला सुमारे ९५ सेंटीमीटरच भरतो. भिंतीवर खडूने चौकटी आखल्या. बैठकीपासून भिंत जेमतेम सात फूट. ५५ इंची चौकट तर देवघराच्या दारावरच गेली. पश्चिमेचे ऊन दुपारी तीनपासून नेमके त्याच भिंतीवर येते. ‘ओएलईडी’ प्रकारच्या पडद्यात प्रत्येक ठिपका स्वतःच प्रकाशतो, म्हणून त्यातला काळोख खरोखर काळा दिसतो. अंधाऱ्या खोलीत त्याला तोड नाही. आमच्या उन्हात ते वैभव वायाच गेले असते. मागून उजळणारा साधा एलईडी पडदा, आणि तोही फारसा न चकाकणारा, आम्हांला बरा. नाहीतर बातम्या देणाऱ्या बाईंच्या तोंडावर आमच्या खिडकीचे गज दिसायचे!

दुकानात मी विक्रेत्याला भडक चित्रफिती बंद करून मराठी बातम्या लावायला सांगितल्या. पातळ संचांत ध्वनिवर्धकांना जागा थोडी. त्यांचे तोंडही बहुधा खाली किंवा मागे असते. आईने डोळे मिटून ऐकले. दोन संच तिने मानेनेच नाकारले. तिसऱ्याचा आवाज स्पष्ट होता, शिवाय सुरू करताच शेवटी पाहिलेली वाहिनीच लागावी, अशी सोय त्यात करता येत होती. आईने रिमोट हातात घेतला. संच बंद केला, लावला. पुन्हा बंद केला, पुन्हा लावला.

“आजी, संच चांगला आहे हो, बिघडलेला नाही,” विक्रेता हसत म्हणाला.

“संच असेल चांगला. मी मला तपासतेय,” आई म्हणाली.

तोच ४३ इंची संच घरी आला. मुले जरा हिरमुसली. मग त्यांनी वीजबचतीच्या चिठ्ठीवरचे तारे मोजले आणि पट्टी आणून पडद्याचा कर्ण.