काटेपूर्णेच्या वाटेनं

दिवाळी आटोपल्यावर वाशीमहून काटा गावाकडे निघालो. सोयाबीन निघून वावरं मोकळी झाली होती, तूर फुलोऱ्यावर होती. वाशीमचं पाणी दोन दिशांना पळतं. दक्षिणेचं पैनगंगेतून गोदावरीकडे आणि बंगालच्या उपसागराला. काट्याच्या टेकड्यांत उगम पावणारी काटेपूर्णा मात्र पूर्णा-तापीच्या मार्गानं अरबी समुद्राला.

उगमाजवळ ती साधा ओढाच आहे. बांधावर बसलेल्या गुराखी बाबांना विचारलं, पाणी किती दिवस टिकतं? म्हणाले, ‘‘जंगलात टिकते, भाऊ. तिथं झाडं हायेत. इथं काय हाये अडवाले?’’

पुढे काटेपूर्णा अभयारण्यात शिरलो. 1988 साली घोषित झालेलं, वाशीम आणि अकोला या दोन जिल्ह्यांत पसरलेलं हे जंगल चौशिंग्यांसाठी ओळखलं जातं. मी मात्र चौशिंगा शोधायचं सोडून पायवाटेकडेला बसलो आणि सागाचा पाचोळा हातानं बाजूला सारला. वर कुरकुरीत पानं, खाली शिरांची नुसती जाळी उरलेली, त्याखाली बुरशीचे पांढरे धागे आणि ओलसर, भुसभुशीत काळी माती. मुठीत दाबली तर गोळा व्हायची. पावसाचा मारा हा पाचोळा अंगावर घेतो. वाळवीनं आणि गांडुळांनी पोखरलेल्या मातीतून पाणी मुरतं, खडकाच्या भेगांत उतरतं आणि पुढे सावकाश नदीला मिळतं. उघड्या बरडावरचं पाणी मात्र पाऊस पडताच माती घेऊन पळतं, आणि ती माती धरणात बसते. इथलं धरण महानचं. अकोला शहर त्याचंच पाणी पितं.

पुढे कारंजा-सोहोळला गेलो. काळविटांसाठी राखलेलं हे गवताळ रान. कळप लांबूनच उधळला. कुसळं मात्र पँटभर चिकटली. गवताची मुळं हलकी जमीन धरून ठेवतात, आणि असल्याच माळांवर आपली गुरं जगतात. तरी अशा जमिनीला सर्रास पडीक म्हणतात, याचा मला राग येतो. समृद्धी महामार्ग या भागातून गेला, तेव्हा वन्यप्राण्यांसाठी खास मार्ग बांधावे लागले. पडीक जमिनीसाठी एवढा खर्च कोण करतं?

महानच्या धरणात येणारं पाणी याच जंगल-उतारांवरून येतं, म्हणून अकोल्याच्या पाणीपट्टीतला काही हिस्सा काटेपूर्णेचं जंगल आणि काट्याचे उतार राखायला मिळालाच पाहिजे. अकोलेकरांनी ही मागणी महापालिकेकडे स्वतःहून करावी.