भिशीचे पैसे आणि विजेचा हिशेब

"आई, तुझी भिशी या महिन्यात लागणार ना गं?"

लेकीचा आवाज इतका गोड झाला की आईने सावध व्हावं! भिशी ३० हजारांची होती आणि मनातल्या मनात मी ती कधीच खर्चून टाकली होती. स्वयंपाकघरातल्या ओट्याची फरशी फुटली आहे, ती बदलायची होती.

लेक वास्तुकलेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घरांची चित्रं संगणकावर करते. एकेक चित्र पुरं व्हायला आमच्या जुन्या संगणकाला रात्र लागायची. "ग्राफिक्स कार्ड घेतलं तर तासाभरात होईल," ती म्हणाली. कार्ड म्हणजे काय गं बाई, असं विचारलं, तर तिने आमच्या यवतमाळच्या भाषेतच समजावलं. "वावरात कापूस वेचायला दोन पहिलवान नेले तर किती वेचतील? आणि शंभर बाया नेल्या तर? प्रोसेसर म्हणजे पहिलवान, कार्ड म्हणजे बाया. चित्राचे ठिपके आपसांत वाटून घेतात आणि सगळ्या एकदम कामाला लागतात. या कार्डात अशा ३,५८४ आहेत!"

ओटा मागे पडला. २५ हजार देऊन 'आरटीएक्स ३०६०' कार्ड आलं. दुकानातला मुलगा बसवायला आला, तेव्हा मी आपलं विचारलं, "भाऊ, याला वीज पुरेल ना?"

"काकू, ४५० वॅटचा एसएमपीएस आहे. काही होत नाही."

हे हसले. म्हणाले, "तू चहा मांड."

मी चहा मांडला. संगणक सुरू झाला, चित्र उघडलं, सगळे खूश. पण रात्री लेकीने खरं काम लावलं आणि दहा मिनिटांत खट्कन सगळं बंद! पुन्हा सुरू केला, पुन्हा तेच. तीन दिवस हाच खेळ. दुकानातून उत्तर आलं, "कार्ड आणून द्या, कंपनीकडे पाठवू. महिना लागेल." लेकीचं काम आठ दिवसांवर आलेलं. ती रडवेली झाली. "पैसे पाण्यात गेले," असं हे दोनदा म्हणाले. मला मात्र पैशांपेक्षा भीती वेगळीच होती. पुढच्या वेळी पोरीने काही मागितलं, तर घरात हीच गोष्ट निघणार.

त्या संध्याकाळी कूलर लावला. दिवे क्षणभर मंदावले. विदर्भातल्या घरात एप्रिलमध्ये हे रोजचंच. पण मी तिथेच थांबले. चित्र नुसतं उघडलं की संगणक चालतो, काम लावलं की बंद पडतो. म्हणजे आजारी कार्ड नव्हे, उपाशी कार्ड!

आम्ही मायलेकींनी प्लग काढला, डब्याचं झाकण उघडलं आणि बॅटरीच्या उजेडात एसएमपीएसवरचा कागद वाचला. घरातली २३० व्होल्टची वीज संगणकाला सोसेल अशी करून देणारा हा डबा. वर ठळक '४५०' आणि खाली बारीक अक्षरांत '१२ व्होल्ट, १६ अँपिअर'. गुणाकार केला, १९२ वॅट! कार्डाला जोरात काम करताना १७० वॅट लागतात, प्रोसेसरला ६५. दोघेही या १२ व्होल्टवरच जेवणारे. चौघांच्या कणकेत सहा जणांची पंगत बसवली होती! कार्डाला लागणारी आठ टाचण्यांची वायरही त्या डब्याला नव्हती. दुसऱ्याच वायरींना जोड देऊन काम भागवलेलं, आणि त्या जोडाचं प्लॅस्टिक पिवळं पडलं होतं. ते पाहून पोटात गोळाच आला.

नागपूरहून ५५० वॅटचा चांगला एसएमपीएस आणला, साडेचार हजारांचा. या कार्डासाठी तेवढा हवा असं कार्ड बनवणारेच सांगतात. त्याच रात्री लेकीचं चित्र तासाभरात झालं.

मैत्रिणींनो, घरात अशी खरेदी निघाली तर आधी विजेचा हिशेब मांडा. मोठा आकडा पाहू नका, १२ व्होल्टपुढचे अँपिअर वाचा. '८० प्लस'ची खूण असलेलाच घ्या. वायरी त्याच्याच खोक्यातल्या वापरा, दुसऱ्या डब्याच्या लावू नका. कार्डाची लांबी आपल्या डब्यात मावते का, तेही आधी मोजा. झाकण काढण्यापूर्वी प्लग काढायचाच. पण एसएमपीएसचा डबा मात्र कधीच उघडू नका, प्लग काढल्यावरही आत वीज साठलेली असते. घराचं अर्थिंग तपासून घ्या. संगणक भिंतीला चिकटवून ठेवू नका आणि कूलरच्या ओल्या वाऱ्यातही नको.

भिशीतले पाचशे उरले होते, ते नागपूरच्या जाण्यायेण्यात गेले. ओटा अजून फुटकाच आहे. पण परवा फ्रिज घ्यायचं निघालं, तेव्हा यांनी दुकानदाराच्या आधी मला विचारलं, "वीज पुरेल ना गं?"