मेहकरची पंगत

पैनगंगेच्या तीरीं वसलेल्या मेहकरास १८८८ सालीं भूमींतून निघालेली शारंगधर बालाजीची पाषाणमूर्ति पाहावयास प्रवासी येतात. मीं तेथील पंगतहि पाहिली. पळसाच्या पत्रावळीस कांठ नसतो. भाताचें आळें नीट न केल्यास वरण थेट धोतराकडे धांवतें! शेजारच्या वृद्ध गृहस्थांचा हात तर कंपवातानें थरथरे. शितें सांडत, कढीचे ओघळ कोंपरापर्यंत जात. समोरचीं मुलें हसलीं. आयुर्वेद ज्यास वातव्याधि म्हणतो, त्यास आपण बेशिस्त म्हणून मोकळे होतों! वाढप्यानें निमूटपणें कढीस द्रोण दिला, वरण घट्ट वाढलें. गृहस्थांनीं रूढि बाजूस ठेवून डाव्या हाताचा आधार घेतला. मला त्यांत गैर दिसलें नाहीं. ते पोटभर जेवले. वर ताकहि मागितलें.